मामाकडचं कापड आणि समुद्र

समुद्र कोणत्या बाजूला आहे, यावरून आमच्या अंगणात पहिलं भांडण झालं.

मामेभाऊ पश्चिमेकडे हात करून बसला होता. तो मोहर्लीच्या गेटवर सफारीचा गाईड आहे. दिशा दाखवताना त्याचा हात आपोआप लांब होतो, जणू मागे जिप्सीत सहा पाहुणे बसले आहेत आणि सगळ्यांना दिसलं पाहिजे. त्याची बायको, म्हणजे माझी वहिनी, सिरोंच्याची. तिनं नेमकं उलट्या बाजूला बोट केलं.

"समुद्र तिकडे आहे."

"तिकडे तुझं माहेर आहे," तो म्हणाला.

"हाव. माहेराच्या पुढं समुद्र आहे."

"अवो, समुद्र गोव्याले राह्यते. सगळ्या दुनियेले मालूम आहे."

भांडणातली तिसरी व्यक्ती फोनवर होती. मावसबहीण हेमलकशाच्याही पुढे एका उपकेंद्रात नर्स आहे. तिथं रेंज आली की ती एका दमात सगळं बोलून घेते. "कोणत्याबी बाजूले असू द्या ना बाप्पा! पण तिथी लोकं असले पायजे. भल्ली गर्दी पायजे. लाईट पायजे, गाणे पायजे. मी सहा महिन्यांपासून आठ वाजता झोपून राह्यली. शांत जागा सांगाल त मी येत नाई, आधीच सांगून ठेवतो."

मग तिघंही माझ्याकडे वळले. दोघं मान वळवून, एक फोनमधून. मी पोंभुर्ण्याच्या कॉलेजात ग्रंथालयात काम करते. आमच्या नात्यात कागदावर छापलेलं जे काही असेल ते वाचण्याची जबाबदारी माझी. गोळ्यांच्या पाकिटातली चिठ्ठी, पीकविम्याचा अर्ज, लग्नपत्रिकेतली बारीक अक्षरातली वेळ, सगळं. मामेभाऊ तर मला नावानं हाक मारतच नाही.

"लायब्ररी, तूच पाहा," तो म्हणाला. "कुठी जायचं, कसं जायचं, किती दिवस, सगळं तूच लिहून काढ. आम्ही फक्त सामान धरून येतो."

दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात कोणी नव्हतं. एप्रिल संपत आला होता, परीक्षा आटोपल्या होत्या, पंखा गरम हवा फिरवत होता. मी मोठा नकाशा टेबलावर पसरला, बल्लारशावर बोट ठेवलं आणि पुस्तक शिवायच्या दोऱ्यानं अंतर मोजलं. कोकणाकडे जाताना दोरा संपला. मग तो आग्नेयेला फिरवला. आंध्रच्या किनाऱ्याला तो पोचला आणि तरी बराच हातात उरला. शिवाय थेट गाडी. संध्याकाळी बल्लारशाला बसलं की सकाळी समुद्राच्या गावाला उतरायचं, मधे कुठं बदलणं नाही. मी खुर्चीत टेकून बसले. इतकी वर्षं समुद्र आपल्यापासून फार लांब आहे असं मी धरून चालले होते, कारण मराठी पुस्तकांतला समुद्र नेहमी पश्चिमेला असतो. वहिनीला हे कोणी वाचून दाखवलं नव्हतं म्हणून तिला खरं माहीत होतं.

दिवस ठरवणं जास्त अवघड होतं. आमच्याकडचा उन्हाळा सुटीचा नसतो. मोहफुलं संपतात तोवर तेंदूपत्ता येतो, आणि जंगलात वाघ बघायला येणारे तर मे महिन्यातच सगळ्यात जास्त. पण तेंदू संपल्यावर आणि मृग लागायच्या आधी आठ-दहा दिवस असे येतात की सगळे आभाळाकडे बघत बसलेले असतात. त्यातले चार दिवस मी उचलले. मामेभावानं त्याच्या पाळीची अदलाबदल केली. मावसबहिणीची रजा मंजूर झाली. किनाऱ्यावरचं गावही तिच्या मनासारखं मिळालं. शनिवार-रविवारी आजूबाजूच्या शहरांतली कॉलेजची पोरं तिथं येऊन पडतात, वाळूवर गाडे लागतात, गाणी वाजतात, असं मी तीन-चार ठिकाणी वाचून खात्री केली.

मग तिकिटं काढली. बेत चौघांचा होता. मी तिकिटं तीन काढली.

हे मी कोणालाच सांगितलं नाही. निघायच्या आदल्या दिवशी, कॉलेजात पुस्तकांची मोजणी लागली, असं सांगायचं ठरवलं होतं. मोजणी दर उन्हाळ्यात लागते, त्यामुळे ते खोटंही वाटलं नसतं.

माझे बाबा मार्गशीर्षात गेले. तीन दिवस ताप होता, चौथ्या दिवशी उतरला, त्यांनी भाकर मागितली आणि दुपारी झोपेतच गेले. तोवरची त्यांची वर्षं पाण्यात गेली होती. ते टँकर चालवायचे. इतर दिवसांत कोणाचा ट्रॅक्टर, कोणाची गाडी. पण होळी झाली की पाऊस येईपर्यंत जंगलातले पाणवठे भरायचं काम. सिमेंटच्या बशा असतात जमिनीत बसवलेल्या. उन्हाळ्यात नाले आटले की जनावरांना त्यांचाच आधार. एक भरून पुढच्याकडे जावं तोवर पहिली अर्धी झालेली. रोज संध्याकाळी ते हात-पाय धुवायला न्हाणीकडे गेले की आई चुलीपुढूनच विचारायची, "किती भरलं?" आणि ते सांगायचे, "अर्धं," किंवा "काठोकाठ." त्या एका शब्दावरून त्यांचा दिवस कसा गेला ते आम्हाला कळायचं.

लहानपणी दोन-तीनदा मी टँकरमध्ये बसून गेले आहे. पाणवठा जवळ आला की बाबा गाडी थांबवायचे, पण लगेच उतरायचे नाहीत. दारावर थाप मारायचे, दोन टाळ्या वाजवायचे आणि समोरच्या झुडपांना सांगायचे, "आलो गा, पाणी घेऊन आलो. सरक जरासा." तिथं वाघ असेल किंवा नसेल. असला तर त्याला उठून जायला वेळ मिळावा. आमच्या भागात पाण्याजवळ आवाज न करता कोणी जात नाही, पण बाबांसारखं रीतसर सांगून जाणारं मी दुसरं कोणी पाहिलं नाही.

समुद्राचा विषय निघाला की ते म्हणायचे, "भरावा न लागणारा पाणवठा पाहिला पायजे एकदा."

ते त्यांनी पाहिलं नाही, आणि मी चौघांत बसून गाणी ऐकत ते बघायला जावं हे मला जमत नव्हतं. पण एवढंच कारण नव्हतं. दुसरं कारण आईच्या ट्रंकेत होतं.

आमच्याकडे तेरवीच्या दिवशी मामाच्या घरून कापड येतं. दुखवट्याचं कापड. आईला तिच्या भावानं आणलेलं लुगडं, मुलांना कपडे. ते अंगावर घातलं की दुःख उतरलं असं नाही, पण माणूस पुन्हा लोकांत आला असं धरतात. मग कोणाच्या बारशाला जा, बाजाराला जा, कोणी नाव ठेवत नाही. मामा आले, आईसाठी जांभळ्या काठांची साडी आणि माझ्यासाठी मोरपंखी रंगाचं ड्रेसचं कापड घेऊन आले. माझं शिवायचं होतं म्हणून नुसतं खांद्यावर टाकलं. आईनंही साडी खांद्यावर टाकली आणि काढून घडी केली. त्यानंतर साडी ट्रंकेत आणि कापड साडीवर. महिन्यामागून महिने गेले. शेजारच्या बाया विचारत, "काऊन नाई घातलं बाई?" आई म्हणे, "घालीन." ती अंगणाच्या पलीकडे फारशी जातही नसे. मला वाटलं, तिचं दुःख अजून घडी उलगडण्याएवढंही हललेलं नाही. अशा आईला सोडून मी कुठं जाणार होते?

म्हणून मी बेत मात्र जीव ओतून केला. स्वतःला जायचं नसलं की माणूस फार बारीक लक्ष घालतो. भरती-ओहोटीच्या वेळा लिहिल्या, उन्हानं कातडी सोलली तर काय लावायचं ते लिहिलं, गावात कुठला गाडा कशासाठी नावाजलेला आहे ते लिहिलं. "दुसरा दिवस, पहाट: सूर्योदय," असं लिहून खाली रेघ मारली, कारण आमच्या बाजूच्या समुद्रात सूर्य बुडत नाही, उगवतो.

मेच्या मधल्या एका मंगळवारी सगळे आमच्याकडे जमले. मंगळवारी जंगल बंद असतं, म्हणून गाईड मोकळा होता. मावसबहीण दोन दिवस घरी आली होती, तीही आली. आई ओट्यावर चिंचा फोडून चिंचोके वेगळे करत होती. मी माझे कागद वाचून दाखवले. मामेभावानं खिशातून त्याचा कागद काढला.

"मी बी वेळापत्रक बनवलं," तो म्हणाला. "सकाळची फेरी साडेपाच ते साडेनऊ. मग नाश्ता, आराम. दुपारची फेरी अडीच ते साडेसहा. कपडे मातकट, भडक नाई. पाण्याजवळ आवाज नाई करायचा."

मावसबहिणीनं कपाळावर हात मारला. "भाऊ, आपण समुद्रावर चाललो का समुद्राची शिकार करून राह्यलो?"

"सवय आहे वं."

"मी लाल टोपी घालणार आहे. अन् आवाज मी करणार. भल्ला आवाज करणार. मासे पळाले त पळाले."

वहिनीनं तोवर लॉजच्या मालकाला फोन लावला होता. तो फक्त तेलुगू बोले, आणि वहिनीच्या माहेरी तेलुगूच बोलतात. ती इकडचं तिकडे सांगत होती आणि मधेमधे स्वतःशीच हसत होती.

"विचार, किनारा किती लांब आहे?" मामेभाऊ म्हणाला.

"पायी दोन मिनिटं."

"अन् आवाज किती राह्यते?" मावसबहिणीनं विचारलं.

वहिनीनं ऐकून घेतलं. "तो म्हणते, शनिवारी बाजूलेच डीजे लागते. दहा वाजेपर्यंत झोप येत नाई. त्याच्यासाठी माफी मागते म्हणते."

"माफी काऊन? बुक कर!"

"डॉल्फिन दिसते का विचार," मामेभाऊ म्हणाला.

"तो म्हणते, दिसला त दिसला. नाई त नाई."

मामेभावानं मान डोलावली. धंद्यातल्या माणसानं धंद्यातल्या माणसाला द्यावा तसा मान होता तो. "चांगला माणूस आहे. गॅरंटी नाई देत."

वहिनी पुढं बोलत होती, आणि बोलता बोलता तिचं हसू कमी झालं. तिनं फोन कानापासून जरा लांब धरला.

"तो म्हणते, माणसं तीन, खोल्या दोन, बरोबर ना? मी म्हणली चार. तो म्हणते, ताईनं मेसेजमधी तीन लिहिले."

"लिहिताना चुकलं असेल," मावसबहीण म्हणाली.

"लायब्ररी चुकत नाई," मामेभाऊ हळू म्हणाला. त्यानं माझ्या पुढ्यातला मोबाईल उचलला आणि तिकिटं उघडली. तो, वहिनी, मावसबहीण. त्यानं स्क्रीन वर केली, खाली केली. चौथं नाव नव्हतं.

पुस्तकांच्या मोजणीचं मी बोलायला लागले. ते अर्ध्यातच राहिलं, कारण ओट्यावरचा चिंचा फोडायचा आवाज थांबला होता.

"काऊन नाई जात वं?" आईनं विचारलं.

"तुला एकटीला सोडून कसं जाऊ?"

"मी एकटी? सकाळपासून पाच बाया येऊन गेल्या. मलेच माझ्या ओट्यावर बसाले जागा भेटत नाई."

"आणि वर्ष व्हायचं आहे अजून."

"वर्ष त्याच्या वेळेवर होते. ते मले नको सांगू." तिनं हाताचा चिकटपणा पदराला पुसला, जे ती एरवी कोणाला करू देत नाही. "मामाचं कापड काऊन नाई शिवलं ते सांग."

इतके महिने हा प्रश्न तिनं विचारला नव्हता. मी खरं तेच बोलले. "तू तुझी साडी नाही घातलीस म्हणून."

आईनं पुढ्यातल्या चिंचा बाजूला सारल्या. मग म्हणाली, "अन् मी तुझ्यासाठी थांबली. पोरीचं शिवून नाई झालं अन् मी कशी नेसून हिंडू? म्हणलं, तिच्या मनाले वाटीन तवा शिवीन. बोलायचं नाई."

मामेभावानं दोन्ही हात डोक्यावर ठेवले. "आत्या! म्हणजे तुम्ही दोघी एकमेकींची वाट पाहून राह्यल्या! अन् तिकडे आमचे बाबा सहा महिन्यांपासून आईले बोलून राह्यले, तूच तो मोरपंखी रंग घेतला, बहिणीले पसंत नाई आला म्हून! घरात दोन वेळा जेवण बंद झालं त्या रंगापायी!"

आधी वहिनी हसली. मग मावसबहीण. आईनं तोंडाला पदर लावला, तिचे खांदे हलायला लागले, आणि मला वाटलं ती रडते आहे. ती हसत होती. मी किती दिवसांनी हसले ते मला मोजता आलं नाही, पण गालांना ते ओळखीचं वाटलं नाही एवढं आठवतं.

हसणं ओसरल्यावर आई म्हणाली, "तुझ्या बाबाले मी एकदा म्हणली, चला, पोरगी मोठी झाली, कुठीतरी जाऊन येऊ. म्हणे, पाणीवाल्याले उन्हाळ्यात सुटी नाई. जन्मभर डबकी भरली त्या माणसानं. त्यानं नाई पाहिलं म्हणून घरातलं कोणीच पाहू नाई, असं काही तो सांगून गेला का?"

नव्हते सांगून गेले.

"मावशी, तू बी चाल ना मग," मावसबहीण म्हणाली.

"मी तुमच्या डीजेत काय करू? मी भावाकडे जाईन चार दिवस. रंग पसंत आहे म्हणून सांगून येतो, नाई त तो माझ्या वहिनीले जेवू देत नाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ट्रंकेतलं कापड पिशवीत घालून माझ्याआधी तयार होती. मार्गशीर्षानंतर प्रथमच ती बाजारात आली. शिंप्याकडे लग्नाच्या ब्लाउजांचा ढीग होता. त्यानं पंधरा दिवस सांगितले. आई त्याच्या स्टुलावर बसली आणि उठलीच नाही.

"लग्नवाल्यांचे आधी, बाई."

"लग्न काय, होऊन जाईन. माझी पोरगी समुद्रावर चालली."

"समुद्रावर? तिथी तिचं सासर आहे का?"

"नाई. तशीच चालली. पाहाले."

शिंप्यानं हे उत्तर बराच वेळ तपासलं, पण त्यात काही खोट सापडली नाही. चार दिवसांत ड्रेस मिळाला.

तिकीट मात्र चार दिवसांत मिळणारं नव्हतं. चौथं तिकीट मी काढलं तेव्हा ते वेटिंगमध्ये एकतिसावं होतं. मामेभावानं त्याचा माग ठेवायला घेतला. रोज दोन वेळा त्याचा फोन येई आणि तो वाघाची खबर द्यावी तशा दबक्या आवाजात बोले. "सकाळी सव्वीसवर बसून होता. आता बाविसावर आला. हलून राह्यला हळूहळू." दोन दिवस तो अकरावर अडकून बसला तेव्हा मामेभाऊ म्हणाला, "ऊन आहे, सावलीत पडला असेल, उठते." निघायच्या दिवशी दुपारी अर्धी बर्थ मिळाली. दुसऱ्या अर्ध्या बर्थवर विजयवाड्याला जाणाऱ्या एक तेलुगू बाई होत्या. वहिनीनं त्यांना आमचं सगळं सांगितलं असणार, कारण उतरताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि वहिनीनं पिशवीतून काढून दाखवलेल्या ड्रेसचं कापड दोन बोटांनी चाचपून बघितलं.

पण त्याआधी बसस्टँडवर आई मला सोडायला आली होती. जांभळ्या काठांची साडी नेसून. घडीच्या रेषा अजून तिच्या पाठीवर होत्या. पाण्याच्या पिशव्या विकणारी म्हातारी तिच्याकडे बघून म्हणाली, "घातलं का, बाई?"

"घातलं," आई म्हणाली. तेवढंच. बस येईपर्यंत दोघी चिंचेच्या भावावर बोलत राहिल्या.

समुद्राच्या गावाचं सगळं सांगत बसत नाही. मावसबहिणीला हवं ते सगळं मिळालं. लाल टोपी घालून ती पहिल्याच संध्याकाळी कॉलेजच्या अनोळखी पोरींच्या घोळक्यात नाचली. त्यांना एकमेकींची भाषा येत नव्हती आणि त्यावाचून काही अडलं नाही. तिखट लावलेलं कणीस तिनं तीनदा खाल्लं. दहाला डीजे बंद झाला तेव्हा तिनं लॉजच्या मालकाकडे तक्रार केली. मामेभाऊ वाळूतले ठसे बघत हिंडला. खेकड्याचा माग त्यानं पाणी येईपर्यंत सोडला नाही.

मी पहिल्या दिवशी पाण्यात गेले नाही. वाळूवर बसून बघत राहिले. ड्रेस मी दुसऱ्या सकाळसाठी ठेवला होता, सूर्योदयासाठी. कागदावर त्याच्याखाली मीच रेघ मारली होती.

दुसऱ्या दिवशी पाचला गजर झाला. सगळे वेळेवर उठले, तयार झाले, लॉजच्या व्हरांड्यात येऊन बसले. मी मोरपंखी ड्रेस घातला होता. समोर गल्ली, गल्लीपुढे सुरूच्या झाडांचं बन, त्यामागे समुद्र. त्याचा आवाज येत होता. मामेभावानं बनाकडे एकदा नीट बघितलं.

"थोडं दिसू द्या," तो म्हणाला.

"हाव, दिसू द्या," वहिनी म्हणाली.

मावसबहिणीनंही मान हलवली. मीही. आमच्याकडे फटफटल्याशिवाय, झाडाखालचं नीट दिसू लागल्याशिवाय, कोणी घराबाहेर पडत नाही. मोह वेचायलासुद्धा नाही. हे कोणी ठरवून करत नाही, पायच तसे झाले आहेत. आम्ही चौघं अंगावर चांगले कपडे घालून, शहाण्यासारखे उजाडायची वाट बघत बसलो. मालक चहा घेऊन आला तेव्हा चक्क ऊन पडलं होतं. तो वहिनीशी काहीतरी बोलला.

"काय म्हणते?"

"म्हणते, तुम्ही सूर्य पाहाले आले होते ना? तो केव्हाचाच वर आला." वहिनीचा चेहरा पडला होता, मग तिला एकदम हसू फुटलं. "म्हणते, तुम्ही काय पाहून राह्यले होते इथी बसून?"

वहिनीनं त्याला कारण सांगितलं. तो आधी हसला. मग त्यानं चौघांकडे नव्यानं बघितलं आणि बिस्किटांचा पुडा आणून ठेवला.

मग आम्ही निघालो. बनातून जाताना पुढे मामेभाऊ, मागे आम्ही ओळीनं, शेवटी मावसबहीण, आणि तिनं टाळ्या वाजवायला सुरुवात केली. तिच्या लक्षातही आलं नाही. झाडी संपेपर्यंत आमच्यापैकी कोणी ना कोणी टाळी वाजवत होतं. वाळूवर योगासनं करणाऱ्या दोन बायकांनी माना वळवल्या. आम्हाला वाटलं आपण अगदी साधे चाललो आहोत.

पाण्यापासून दहा पावलांवर मी थांबले. इतकं पाणी मी एका जागी कधी पाहिलं नव्हतं. कालही पाहिलं होतं, पण काल मी बसून होते. आज चालत आले होते. माझे हात उठले, दोन टाळ्या वाजल्या, आणि तोंडातून निघालं, "आलो गा. सरक जरासा."

मी "आले" म्हणाले नाही. बाबा म्हणायचे तसंच म्हणाले. मागे तिघंही थांबले. त्यांनी हे शब्द बाबांकडूनच ऐकले होते. मामेभाऊ तर पोरवयात माझ्यापेक्षा जास्त वेळा त्या टँकरमध्ये बसला होता.

समुद्र सरकला नाही. उलट एक लाट चांगली उठून आली आणि मला गुडघ्यांपर्यंत भिजवून गेली. सलवार पायांना चिकटली.

"नाई ऐकत हा," मामेभाऊ मागून म्हणाला. "याले कोणी सांगितलंच नाई कधी."

मग मावसबहिणीनं लाल टोपी वाळूत फेकली, माझा हात धरला आणि ओढत आत नेलं. त्यानंतर बराच वेळ आम्ही पाण्यात होतो. मी ओरडलेही. बहुतेक बरंच.

लॉजवर परत आल्यावर आईला फोन केला. ती मामाच्या ओट्यावर होती. मागे मामी कोणाला तरी मोठ्यानं चहाला बोलावत होती, म्हणजे त्या घरात सगळं ठीक होतं.

"गेली का पाण्यात?" आईनं विचारलं.

"गेले."

मग चुलीपुढून विचारावं तसं तिनं विचारलं, "किती भरलं आहे?"

"काठोकाठ," मी म्हणाले.

"बरं," ती म्हणाली. "अन् कापडाचा रंग सुटला का पाहून ठेवजो. तुझा मामा इथी समोरच बसून आहे."

मी ड्रेसचं टोक पिळून उन्हात धरलं. खाली पडलेलं पाणी स्वच्छ होतं.